जिना आधी पायांना आवडू दे

अगं सुमे, तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. काचेचे, अधांतरी, गोल फिरत वर जाणारे. देखणे आहेत, यात वादच नाही. पण त्यातल्या एकाही जिन्यावर माणूस दिसला का तुला? कुणाच्या हातात ओल्या कपड्यांची बादली नाही, कुणी गुडघ्यावर हात टेकून वर चढत नाही. तू मात्र तुझ्या नव्या घरातल्या जिन्यावरून दिवसातून वीसदा जा-ये करणार आहेस. म्हणून सांगते, उठावदार जिना कर, हौसेने कर. पण जिन्याला रुबाब येतो तो आधी मापाने, मग उजेडाने, आणि रेलिंगने अगदी शेवटी. आपल्याकडे सगळे रेलिंगपासून सुरुवात करतात.

आधी मापाचं बोलू. घरातल्या जिन्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे साधारण साडेसात इंच आणि दहा इंच. ही शेवटची हद्द झाली, सुखाचं माप नव्हे. सुखाचं माप काढायचं तर १७व्या शतकातल्या ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुकाराचा हिशेब अजून चालतो. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, २४-२५ इंचांच्या आसपास यायला हवी.

तुझ्याकडे खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे १२० इंच आहेत. त्याचे १८ उठाव, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, केले की एकेक पावणेसात इंचांहून थोडा कमी येतो. रुंदी ११ इंच धरलीस की बेरीज चोवीसच्या जरा वर जाते. झकास. मध्ये वळायला साडेतीन फुटांचा चौक ठेवून नऊ-नऊ उठावांचे दोन भाग केलेस, तर सगळा जिना अकरा फूट लांब आणि सात-साडेसात फूट रुंद जागेत बसतो. नकाशात मात्र जिन्याला साडेनऊ फूटच दिलेत. वरचा दीड फूट हॉलमधून माग आणि त्यासाठी हटून बस. हॉल दीड फुटाने लहान झाला तर कुणाला कळणारही नाही, चढा जिना मात्र रोज कळतो.

आणि हे तर वहीत लिहूनच ठेव. स्लॅबचं माप सांगताना फरशी धरून सांगायचं. पायऱ्या ओतल्या जातात, मग खाली माल आणि फरशी मिळून दोन-तीन इंच चढतात आणि पहिली पायरी बुटकी होते. वर त्याच्या उलट होतं, शेवटची पायरी उंच होते. पाय मोजत नाही गं, पण त्याला सवय लागते. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक पडला तरी पाहुणा नेमका तिथेच अडखळतो.

आपल्या जुन्या वाड्यांतले जिने आठवतात ना? भिंतीच्या जाडीत दडवलेले, काळोखे, छातीवर येणारे, धरायला वरून सोडलेला दोर. झडप लावली की माडी बंद. त्या काळाला ते शोभत होतं. आता कुणापासून लपायचंय? जिना भिंतीआडून काढ आणि हॉलमधून दिसेल असा ठेव. वर गच्चीच्या टोपीला उंच झरोका आणि जाळीच्या खिडक्या दे. गरम हवा तिथून आपसूक निघून जाते आणि दुपारचं ऊन पायऱ्यांवरून सरकत उतरतं. ही शोभा फुकटची आहे. फक्त झरोका सपाट ठेवू नकोस, उतार आणि पागोळी दे, नाहीतर जुलैत हॉलमध्ये बादल्या मांडाव्या लागतील.

आता तुझ्या लाडक्या अधांतरी पायऱ्या. ही फॅशन काही आजची नाही. १९०३ साली उघडलेल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातला जिना बघ, किंवा सीएसएमटी स्थानकाच्या घुमटाखालचा. दगडी पायऱ्या भिंतीतून बाहेर आल्यात आणि खाली खांब नाही. पण ती भिंत केवढी जाड आहे ते बघ! सहा इंची विटांच्या भिंतीला हे झेपत नाही. आत काँक्रीटची भिंत नाहीतर लोखंडी तुळई लागते आणि ती आरसीसीच्या नकाशातच यावी लागते. भिंत उठल्यावर फॅब्रिकेटर 'करून देतो, मॅडम' म्हणाला, तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

शिवाय बायकाबायकांतलं सांगते. दोन पायऱ्यांमधली उभी बाजू उघडी ठेवली की वरून केर खालच्या सोफ्यावर पडतो, आणि साडी नेसून किंवा स्कर्ट घालून चढणारीला खाली बसलेल्यांची धास्ती. काचेच्या पायऱ्यांचंही तेच. हौस असेल तर वरचा एकच भाग उघडा ठेव, तोही चार इंचांहून कमी फटीचा. लहान मुलाचं डोकं अडकू नये, इतकंच माप. रेलिंगच्या गजांनाही तोच नियम. आडव्या पट्ट्या मला मुळीच पसंत नाहीत. दिसतात छान, पण तुझा धाकटा त्यांची शिडी करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दगड कडप्पा घे नाहीतर ग्रॅनाइट, पण आरशासारखा घोटलेला नको. लेदर फिनिश घे आणि कडेला दोन-तीन खाचा मारून घे. टू-वे स्विचची वायर प्लास्टरच्या आधी टाक. पायाशी लहान दिवे लाव, डोळ्यांत येणारे नकोत.

सासूबाई वास्तूचं बोलतील. ईशान्येला जिना नको, चढताना उजवीकडे वळू दे, एवढं जमत असेल तर मान्य करून टाक, घरात शांतता राहते. पण चौकाखाली संडास काढायचा बेत कुणी मांडला तर तिथे मात्र अडून बस. चौक पाच फुटांवर, त्यातून स्लॅबची जाडी वजा कर. जावईबापूंना आत वाकूनच जावं लागेल. तिथे इन्व्हर्टर आणि चपलांचं कपाट ठेव.

आता येत्या रविवारी प्लॉटवर जा, फक्कीने जिना आखून घे, विटा रचून तीन पायऱ्या कर आणि भरलेली बादली घेऊन चढून बघ. सासूबाईंनाही चढायला सांग. त्यांना बरं वाटलं तरच सेंट्रिंगला हो म्हण, आणि त्या दिवशी मला फोन कर.