कुरण आणि घड्याळ

पहिल्या पावसानंतर आमचे कुरण हिरवेगार झाले. बिजली घोडी खुशीत चरताना पाहून मी तिला पहिल्याच दिवशी दोन तास सोडले. रात्री ती पोटशूळाने लोळू लागली. पशुवैद्य रात्रभर थांबले म्हणून ती वाचली. चूक माझी होती.

उस्तादांनी समजावले : घोड्याचे जठर लहान असते, तो थोडे थोडे, पण दिवसभर खातो. नव्या चाऱ्याची आतड्यांतील जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून :

१. आधी सुकी वैरण द्या. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला ८ ते १० किलो कोरडा चारा लागतो.

२. ओल्या गवतावर पहिल्या दिवशी १५ मिनिटे, मग रोज तेवढीच वाढ.

३. गवत चार बोटांवर आले की घोडा दुसऱ्या भागात न्या. पहिला भाग वीतभर वाढू द्या.

दिल्लीहून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. १७६० च्या अखेरीस तिथे रसद तुटली, मराठ्यांचे घोडे उपासमारीने मेले. १४ जानेवारी १७६१ रोजी उरलेल्या अशक्त घोड्यांवर सैन्य लढले.

चारा न मिळो वा बेहिशेबी मिळो, घोड्याच्या जिवावरच बेतते. तो हिशेब स्वारानेच ठेवायचा.