सात-बाऱ्यावर तुझं नाव लाव

अगं, काल फोनवर म्हणालीस ना, "ताई, सगळ्या गावाचं अनुदान आलं, आमचंच आलं नाही." तेव्हा शेजारी चार माणसं होती, म्हणून गप्प बसले. आता निवांत ऐक.

सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्यात कुणाचं रान सोडलं नाही. पण अनुदान रानाकडं बघून येत नाही, कागदावरच्या नावाकडं बघून येतं. तुमच्या सात-बाऱ्यावर अजून वारलेल्या मामंजींचंच नाव आहे. अनुदानाच्या यादीत नाव त्यांचं, त्यातला विशिष्ट क्रमांकही त्यांचा. मग केवायसीला सेवा केंद्रात अंगठा कुणाचा लावणार?

आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. ई-हक्क पोर्टलवर घरबसल्याही देता येतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यात सासूबाईंचं नाव घाला, आणि नणंदेचंही. तिला गुपचूप वगळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. माहेरच्या कागदावर आपली नावं नाहीत, याचं आपल्याला किती लागतं ते आठव.

त्यानंतर जावईबापूंच्या मागं लाग. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे; नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. ते पुण्यात टेम्पो चालवणार, इथं पेरणी-खुरपणी तू करणार, आणि साहेब पंचनाम्याला आले की विचारणार, "मालक कुठंयत?" हे किती दिवस चालवायचं?

पंचनाम्याच्या वेळी बांधावर स्वतः उभी राहा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते. पीक कोणतं लिहिलं, क्षेत्र किती, जिरायत की बागायत, हे वाचून घे. लाजू नकोस. २०२५ च्या मदतीत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००. विहिरीवर भिजणारं रान जिरायत लागलं तर निम्मे पैसे तिथंच गेले.

आणि हिशेब आधीच मांड. तुमचं तीन एकर सोयाबीन म्हणजे सव्वा हेक्टरही भरत नाही. जिरायतीच्या दरानं हाती येणार दहा हजारांच्या आसपास. २०२५ ला सरकारनं रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले, ते धरले तरी बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांची बेरीज तुला पाठ आहे. ही भरपाई नव्हे, पुढच्या पेरणीपुरता आधार आहे. तिच्या भरवशावर दुकानदाराला तारीख देऊ नकोस. विमा ही वेगळी गोष्ट. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता आपणच भरायचा.

पैसे कुठं पडले ते शोधताना सगळी पासबुकं घेऊन पळू नकोस. ते आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. तुझं नाव लागलं की लाडक्या बहिणीचे दीड हजार जिथं येतात, तिथंच आधी बघायचं. बँकेनं ते कर्जात वळते केले, तर तहसीलदारांकडं लेखी तक्रार दे. या मदतीतून वसुली करू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत पर्समध्ये ठेव, म्हणजे आवाज चढवायची गरज पडत नाही.

घरात कुरबूर होईल. "आत्ताच नावावर डोळा," असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. सोमवारी आधी तलाठ्याकडं जा, अर्जाची पोच घे आणि तिचा फोटो मला पाठव. कोण काय बोललं ते मग सावकाश ऐकेन.