शिखंडी, भीष्म आणि गुणसूत्रे

शिखंडीची गोष्ट सांगितली की आपल्या बालवर्गातली मुले विचारतात, "तो मुलगा की मुलगी?" महाभारताने याचे एकच उत्तर दिलेले नाही, असे मला वाटते. द्रुपदाने त्याला पुत्र म्हणून वाढवले. उद्योगपर्वात भीष्म त्याची गणना पांडवांच्या प्रमुख रथींत करतात. आणि तेच भीष्म, तो जन्माने स्त्री म्हणून त्याच्यावर शस्त्र उचलत नाहीत.

विज्ञानाचे काय? पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून, लिंग गुणसूत्रांवरून ठरते हे दाखवले. तरीही 'एक्स-वाय' गुणसूत्रे असलेल्या काहींचे शरीर पुरुष-संप्रेरकाला प्रतिसाद देत नाही व देह स्त्रीचा घडतो. माणूस मनाने स्वतःला कोण समजतो, हे तर गुणसूत्रांत वाचता येत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांचा स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला; अमेरिकेत जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने दोनच लिंगे मानली. वाद चालू राहील. पण आत्म्याला लिंग नाही, असे मानणारे आपण. उद्या घरातल्याच मुलाने हा प्रश्न स्वतःबद्दल विचारला, तर आधी त्याचे ऐकून घेऊ या.