बोट आधी, खोली नंतर

आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीला तिकीट लागत नाही. ग्रँडस्टँडवर किंवा एखाद्या राखीव जागी बसायचं असेल तर पैसे पडतात, नाहीतर रस्त्याकडेच्या बांधावर बैठक मारायची आणि समोरून तीनशेच्या आसपास वेगाने जाणारी मोटारसायकल फुकट पाहायची. हे ऐकून माझा मामेभाऊ कोल्हापुरातून फोनवर म्हणाला, "मग तर स्वस्तातच झालं की!" दादाचं अर्धं बरोबर होतं. शर्यत फुकट आहे, पण तिथे पोचणं आणि रात्री पाठ टेकणं अजिबात फुकट नाही.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मध्ये समुद्रात असलेल्या या बेटाची लोकसंख्या सुमारे ८४,००० आहे. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा या पंधरवड्यात त्यावर ४०,००० च्या वर पाहुणे उतरतात. डग्लस या राजधानीच्या किनाऱ्यावर व्हिक्टोरियन काळातल्या गेस्ट हाउसांची लांबच लांब रांग आहे, पण इंग्रज सुट्टीसाठी स्पेनला जायला लागले तशी त्यातली बरीच बंद पडली आणि त्यांचे फ्लॅट झाले. जी उरली त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. जाताना पुढच्या वर्षाची तीच खोली सांगून जाणारी मंडळी वर्षानुवर्षं येत असतात. नवख्याला त्या यादीत जागा मिळते ती कुणी आजारी पडलं तरच. शिवाय बरीच ठिकाणं त्या काळात दोन-तीन रात्रींसाठी खोली देतच नाहीत, सलग जास्त रात्री घ्या म्हणतात.

आम्ही २०२४ ला गेलो. मी मँचेस्टरला राहते, त्यामुळे व्यवस्था माझ्याकडे. एका मोठ्या बुकिंग साइटवरून डग्लसमधली खोली ऑक्टोबरातच घेतली, पैसे भरले, पावती आली. दादाचा व्हिसा झाला (आइल ऑफ मॅनसाठी वेगळा लागत नाही, ब्रिटनचाच चालतो), त्याचं विमानाचं तिकीट झालं. एप्रिलच्या अखेरीस दोन ओळींचा मेल आला, "मालकाने आरक्षण रद्द केलं आहे, तुमची रक्कम परत केली जाईल." थोड्याच दिवसांनी तीच खोली त्याच फोटोंसह पुन्हा झळकली, भाडं दुपटीहून जास्त. साइटच्या मदत कक्षाने दिलगिरी व्यक्त केली आणि पर्याय म्हणून लिव्हरपूलमधलं हॉटेल सुचवलं. मधे आयरिश समुद्र आहे हे त्यांच्या नकाशात नसावं.

असं होण्याचं कारण समजून घ्या, कारण ते तुमच्याही वाट्याला येऊ शकतं. वर्षभर भाड्याने जाणाऱ्या खोलीचा मालक कधीकधी टीटीच्या तारखांचा दर बदलायला विसरतो आणि ती साध्या भावात विकली जाते. नंतर त्याच्या लक्षात येतं. साइटला थोडाफार दंड भरूनही त्याला रद्द करणं परवडतं. तेव्हा टीटीच्या आठवड्यात संशय यावा इतकी स्वस्त खोली दिसली, तर मालकाला थेट लिहून विचारा: या तारखांना शर्यत आहे हे माहीत आहे ना, आणि हाच दर पक्का ना? उत्तर लेखी घ्या. आढेवेढे दिसले तर तेव्हाच सोडून द्या. मे महिन्यात सोडण्यापेक्षा ते बरं. पैसे परत मिळणं म्हणजे खोली मिळणं नव्हे.

मात्र या सगळ्यात एक गोष्ट आमच्या हातात होती, ती म्हणजे बोट. सल्ला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. लोक खोली शोधतात, मिळाली की बोटीकडे वळतात, आणि बोट भरलेली असते. बेटावर जाणाऱ्या प्रवासी बोटी आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी चालवते. कंपनी १८३० सालची. लँकेस्टरजवळच्या हेशमहून साधारण पावणेचार तास लागतात, लिव्हरपूलच्या वेगवान बोटीला त्याहून तासभर कमी. मोटारसायकलींच्या जागा मोजक्या, आणि एका वर्षाची शर्यत संपते न संपते तोच पुढच्या वर्षाच्या आरक्षणाची गडबड सुरू होते. गणपतीच्या कोकणगाडीचं आरक्षण ज्यांनी केलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. पण गाडी न नेता पायी चढणाऱ्या प्रवाशाला बऱ्याच उशिरापर्यंत जागा मिळते आणि भाडंही फार कमी पडतं. भारतातून येणाऱ्यांनी भाड्याच्या मोटारसायकलीचा हट्ट सोडावा हे माझं स्पष्ट मत आहे. दादाने त्यावर दोन दिवस अबोला धरला होता. बेटावर उतरल्यावर बसगाड्या, आगगाड्या आणि पायवाटा पाहून त्याचा राग गेला.

बोटीनंतर नकाशा. खोली त्याच्याही नंतर. टीटीचा मार्ग म्हणजे वेगळा ट्रॅक नाही. रोजच्या वापराचे रस्ते बंद करून केलेली ६० किलोमीटरची फेरी आहे ती, १९११ पासून शर्यत याच डोंगरी मार्गावर होते. डग्लसहून निघून पश्चिमेला बॅलाक्रेन, तिथून उत्तरेला कर्क मायकल, मग बॅलॉचा पूल, सल्बी, रॅमझी आणि स्नेफेल डोंगरावरून परत डग्लस. सराव किंवा शर्यत सुरू असली की हे कडं बंद होतं. त्याच्या आतल्या बाजूला मुक्काम असेल तर तुम्ही आत अडकलात, काही तासांसाठी बंदर, विमानतळ, किनारा सगळं बाहेर राहतं. डग्लसजवळ आतल्या लोकांसाठी एक आडवाट ठेवलेली असते, पण परक्या माणसाने तिच्या भरवशावर बोट पकडायला निघू नये.

बाहेरच्या बाजूला असलेली ठिकाणं अशी: पश्चिमेला पील, दक्षिणेला कॅसलटाऊन, पोर्ट एरिन आणि पोर्ट सेंट मेरी, पूर्वेला लॅक्सी, आणि डग्लसचा समुद्राकडचा भाग. जाहिरातीत गावाचं नाव गोलमोल असेल तर पिनकोड मागा. बेटाचे सगळे पिनकोड 'आयएम'ने सुरू होतात. आयएम ५ म्हणजे पील, आयएम ९ म्हणजे दक्षिणेकडची गावं, दोन्ही निर्धोक. आयएम ४ असेल तर सावध, तो मोठा टापू आहे आणि त्यात लॅक्सीही येतं आणि शर्यतीच्या मार्गावरचं क्रॉसबीही. पिनकोड द्यायलाच कुणी टाळाटाळ केली आणि आगाऊ रक्कम मात्र आजच पाठवा म्हणाला, तर तो माणूस बेटावर राहतो की नाही याचीच शंका घ्या. शर्यतीच्या नावाने नसलेल्या खोल्या विकणारे दरवर्षी निघतात.

आमची सोय शेवटी लागली ती होमस्टे योजनेतून. टीटी आणि ऑगस्टमधली मॅन्क्स ग्राँ प्री या दोन काळांपुरती स्थानिक लोकांना आपल्या घरातली खोली पाहुण्यांना देता यावी, म्हणून तिथल्या सरकारच्या पर्यटन खात्याने ही योजना केली आहे. घरमालक खात्याकडे नोंदणी करतात आणि यादी खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. मला यात आवडलं ते हे, की समोर गाव ओळखणारं, पुढच्या वर्षीही नोंदणी टिकवायची इच्छा असलेलं माणूस असतं. पीलमधल्या एका निवृत्त बाईंकडे आम्हाला माडीवरची खोली मिळाली. स्नानगृह सामायिक, रात्री दहानंतर आवाज नको, बूट दाराबाहेर. शेवटचा नियम वाचून दादा म्हणाला, "हे तर आपल्याकडचंच घर." सकाळी न्याहारीला पीलचा प्रसिद्ध धुरावलेला हेरिंग मासा. मी शाकाहारी, माझ्या ताटात अंडंही नाही म्हटल्यावर बाईंना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी स्वयंपाकघराचा एक कोपरा मला वापरू दिला. होमस्टे ठरवताना ही गोष्ट आधीच विचारून घ्या, कारण सगळेच ओटा देत नाहीत. शर्यतीच्या दिवशी बांधावर बसून खायला काही मिळेल याचा भरवसा नसतो. डब्यात मेथीचे पराठे असले की दुपार निघते.

पील मुद्दाम घेतलं नव्हतं, जे उरलं ते मिळालं. पण आता निवड करायची झाली तरी मी पीलच घेईन. कारण तिथून जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट निघते. रूळ केव्हाच उखडले, वाट सपाट राहिली. सेंट जॉन्सवरून ती क्रॉसबीकडे जाते, आणि या पट्ट्यात शर्यतीचा रस्ता तिच्या उत्तरेला अगदी जवळून धावतो. म्हणजे रस्ते बंद झाले तरी तुम्ही बाहेरच्या बाजूने चालत एकेका जागी जाऊन पाहू शकता आणि संध्याकाळी चालत घरी. डग्लस-पील हमरस्ता म्हणजे बऱ्याच अंतरापर्यंत शर्यतीचाच मार्ग असल्यामुळे बसगाड्या फॉक्सडेलच्या बाजूने वळसा घेतात, त्याचा वेळ धरून चाला. पूर्वेकडे राहिलात तर डग्लस-लॅक्सी-रॅमझी अशी विजेची जुनी आगगाडी आहे, आणि लॅक्सीहून दुसरी गाडी डोंगरावर बंगलो या टप्प्यापर्यंत नेते. टीटीचा नावाजलेला चालक जोई डनलॉप याचा मोटारसायकलवर बसलेला पुतळा तिथेच आहे. त्याचा २६ विजयांचा विक्रम त्याच्या पुतण्याने, मायकल डनलॉपने, २०२४ ला मोडला. दादा ही हकीकत कोल्हापुरात अजून सांगत असतो आणि दर वेळी आमची बसायची जागा रस्त्याच्या थोडी जवळ सरकते.

तंबूचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. सर्वांत स्वस्त तेच आहे. रग्बी आणि फुटबॉल क्लब, काही शाळा आपली मैदानं त्या पंधरवड्यापुरती उघडतात, गावांच्या कायमच्या तळांवरही जागा असते. काही ठिकाणी उभारलेला तंबू गादीसकट मिळतो, म्हणजे विमानातून ओझं नको. मात्र जून म्हणजे उन्हाळा असं आपलं गणित तिथे लावू नका. रात्री पारा दहाच्या खाली जातो, समुद्रावरचा वारा थांबत नाही आणि पाऊस तर हवाच असल्यासारखा येतो. भारतातून येणाऱ्याने जाड झोपपिशवी आणि जमिनीवर टाकायची फुगवायची गादी घेतल्याशिवाय तंबूचा विचार करू नये. जागा ठरवताना गरम पाण्याची अंघोळ दरात धरली आहे का, आणि तळ कड्याच्या आत की बाहेर, एवढं विचाराच. कुणाच्याही शेतात परवानगीशिवाय तंबू ठोकू नका, मालक आणि पोलीस दोघंही येतात.

ब्रिटनमध्ये नातेवाईक असतील तर आणखी एक मार्ग आहे: बेटावर राहायचंच नाही. नेहमीच्या वेळापत्रकात हेशमहून मध्यरात्रीनंतर सुटणारी बोट पहाटे डग्लसला लागते आणि संध्याकाळी परतीची असते. टीटीत वेळा बदलतात, त्या पाहून घ्या. दिवसभर डोळे चोळत का होईना, एक शर्यत पाहून होते. तरुणांना हे जमतं. मला विचाराल तर पुन्हा नको.

तारखांशी जुळवून घेता येत असेल तर पैसे खरोखर वाचतात. पहिला आठवडा सरावाचा. तेच चालक, त्याच गाड्या, जवळपास तोच वेग. गर्दी कमी, खोल्याही मिळतात. चषक कुणी उचलला यापेक्षा मोटारसायकल ब्रे हिलच्या उतारावरून खाली येते कशी, हे ज्याला पाहायचं आहे त्याने सरावाचाच आठवडा घ्यावा. नाहीतर ऑगस्ट अखेरीची मॅन्क्स ग्राँ प्री. मार्ग तोच, नावं कमी मोठी, बेट बरंच मोकळं.

हवामानाला मात्र इलाज नाही. डोंगरावर धुकं उतरलं की सगळं पुढे ढकललं जातं, कारण अपघात झाला तर हेलिकॉप्टर उडायला हवं. २०२५ ला तर शेवटच्या दिवसाची सीनियर टीटी, म्हणजे सबंध पंधरवड्याचा मुख्य सामना, हवामानामुळे रद्दच झाली. म्हणून ज्या शर्यतीसाठी आलात तिच्या दुसऱ्या दिवशीची बोट घेऊ नका. मध्ये एक मोकळी रात्र ठेवा आणि खोली ठरवतानाच ती धरा. ऐनवेळी वाढवून मागितलेली रात्र सर्वांत महाग पडते. आमच्या बाईंकडे पुढचे पाहुणे त्याच दुपारी यायचे होते, म्हणजे वाढवून मिळाली नसतीच.

जाताना एक छोटं काम. बेटाच्या स्वतःच्या नोटा असतात, किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच, पण इंग्लंडातल्या दुकानात त्या सहसा घेत नाहीत. घरमालकांना रोख लागते म्हणून तुम्ही यंत्रातून काढता आणि सुटे परत येतात तेही त्याच नोटांत. उरलेल्या बोटीवरच्या उपाहारगृहात चालतात. दादाने त्या चिप्स आणि कॉफीत संपवल्या, एक पौंडाची एक नोट तेवढी पाकिटात ठेवली. इंग्लंडात एक पौंडाची नोट कधीच बंद झाली, या बेटावर ती अजून निघते.