व्यसनमुक्ती आणि परीक्षेची भीती

व्यसन सुटताना झोप उडते, छाती धडधडते, वाचलेले ध्यानात राहत नाही. हे कधी महिनोन्‌महिने चालते. परीक्षेची भीतीही अशीच दिसते. मुलगा म्हणतो, "मला काहीच येत नाही." घरचे म्हणतात, "पुन्हा सुरू केलं." पुण्याच्या मुक्तांगणात (स्थापना १९८६) घरच्यांनाही समजावतात, ते उगाच नव्हे.

जागरणासाठी वा झोपेसाठी मित्राची गोळी मुळीच घेऊ नये; पाय तिथेच घसरतो. डॉक्टरांना वेळापत्रक आधीच दाखवावे. जुने पेपर आधी अर्धा तास, मग पूर्ण तीन तास बसून सोडवावेत. पेपर देऊन आलेल्याला पालकांनी आधी जेवू घालावे. मध्यप्रदेश मंडळाने २०२५पासून दुसरी परीक्षाही ठेवली आहे. टेलिमानसचा फोन १४४१६ रात्रीही चालतो. आमच्याकडे यावे, नाव बाहेर जाणार नाही.