दगडफुलाची पारख

आपल्या कसबा पेठेंतील किराणा दुकानांत गोड्या मसाल्याचें सामान घेतांना दगडफूलहि बांधून घ्यावें लागतें. करडें, चुरगळलेल्या कागदासारखें हें द्रव्य नांवानें फूल असलें तरी फूल नव्हे. खरें पाहतां तें एकटी वनस्पतीहि नव्हे. बुरशी व शैवाल यांनीं मिळून मांडलेला तो संसार आहे. शैवाल सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें. बुरशी त्यास आसरा व ओलावा देते. म्हणूनच शास्त्रांत त्यास शैवाक म्हणतात. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं हें मत मांडलें, तेव्हां कित्येक विद्वानांनीं त्याची थट्टाच केली.

मसाल्यांतील शैवाक पानासारखें पसरट असतें. दुसरीं कित्येक झाडाच्या सालीस लेपासारखीं चिकटून राहतात. पश्चिम घाटांतील अशाच एका अज्ञात जातीची ओळख पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०२५ सालीं जगास करून दिली. अ‍ॅलोग्राफा इफ्यूसोसोरेडिका हें तिचें नांव. हिच्या कुळांतील पुष्कळ शैवाकांवर लिपीसारख्या रेषा उमटतात. हिच्या अंगावर मात्र पिठासारखी भुकटीहि पसरलेली असते. त्या भुकटीच्या कणाकणांत बुरशी व शैवाल दोन्हीं असल्यामुळें, कण उडून योग्य जागीं पडला कीं नवें शैवाक वाढूं लागतें.

परंतु केवळ डोळ्यांनीं पारख होत नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं बीजुकें पाहावीं लागतात, अंगचीं आम्लें तपासावीं लागतात. या जातींत नॉरस्टिक्टिक आम्ल आढळतें. तें असलेल्या शैवाकावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकल्यास आधीं पिवळा व मग तांबडा रंग येतो. शेवटीं डीएनए तपासून नातें ठरवितात. कारण रूपानें सारख्या दिसणाऱ्या जाती नात्यानें दूरच्या निघतात.

विद्यार्थिमित्रहो, कित्येक शैवाकें वर्षास जेमतेम एखाद-दुसरा मिलिमीटर वाढतात. धूरहि त्यांना सोसत नाहीं. पॅरिसमधील हवेची शुद्धता शैवाकांवरून ओळखतां येते असें नायलँडर या शास्त्रज्ञानें १८६६ सालींच दाखविलें होतें. जुनें झाड तुटलें कीं त्यावरील शैवाकहि जातें, मग त्यास कोणी नांव दिलेलें असो वा नसो. म्हणून वाड्याच्या भिंतीवर वा जुन्या झाडावर करडा डाग दिसल्यास तो खरवडूं नका. भिंग घ्या, रंग व रेषा न्याहाळा, जागा व दिनांक वहींत टिपा आणि चित्र काढा. पालकांनींहि मुलांच्या या नादास घाण म्हणून हटकूं नये. पारख करण्याची संवय अशाच लहान डागापासून लागते.