रेलून चालवायची सायकल : शर्यतीचे नियम आणि सुरक्षिततेचा खर्च

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. अशा शर्यतींतील सायकलींची घडण मात्र केवळ यंत्रशास्त्राने ठरलेली नाही. तिच्यामागे एक नियम आहे. 1933 मध्ये पॅरिस येथे फ्रान्सिस फोर या दुय्यम श्रेणीच्या समजल्या जाणाऱ्या सायकलपटूने चार्ल्स मोशे यांनी बनविलेल्या ‘रिकम्बन्ट’ सायकलवर, म्हणजे पाठीवर रेलून पुढे पाय मारावयाच्या सायकलवर, एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग यांचा 1914 चा 44.247 किलोमीटरचा विक्रम त्यामुळे मागे पडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 1934 मध्ये सायकलची व्याख्याच बदलली आणि ही सायकल अधिकृत शर्यतींबाहेर गेली.

विद्यार्थ्यांनी येथे आर्थिक परिणाम ध्यानात घ्यावा. शर्यत नाही म्हणून जाहिरात नाही, मागणी नाही. मागणी नाही म्हणून मोठ्या प्रमाणावरील उत्पादन नाही, आणि त्यामुळे किंमत चढीच. पुढे 1976 मध्ये अमेरिकेत मानवशक्तीवर चालणाऱ्या वाहनांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि या सायकलला पुन्हा मैदान मिळाले. वेग दुप्पट झाला की हवेच्या प्रतिरोधावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. रेललेल्या शरीराला हवेचा अडथळा कमी, हे तिचे बळ. 2016 मध्ये कॅनडाच्या टॉड रायशर्ट यांनी पूर्ण आच्छादित सायकलवर ताशी 144 किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

वेगाची ही सोय जोखमीसह येते. बैठक जमिनीलगत असल्याने चालक इतरांच्या नजरेस पडत नाही. म्हणून रस्त्यावर उंच काठीवरील झेंडा, आरसे आणि मागचा दिवा आवश्यक ठरतात. पाय पॅडलवरून घसरला, तर तो जमिनीला टेकून सायकलखाली ओढला जातो व घोटा मोडू शकतो. यासाठी बूट पॅडलला अडकविणारी योजना वापरतात. दातेरी चक्र सर्वांत पुढे असते, त्यामुळे गटाने धावण्याच्या शर्यतींत त्याच्या कडेला संरक्षक कडे लावणे शहाणपणाचे. साखळी नेहमीच्या सायकलपेक्षा कितीतरी लांब असल्याने तिच्या मार्गदर्शक कप्प्या आणि बैठकीचे बोल्ट शर्यतीपूर्वी हाताने ओढून पाहावेत. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक आणि हेल्मेट यांबाबत तडजोड नसावी.

हा खर्च कोणी करावयाचा? ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ या सुमारे 4,800 किलोमीटरच्या शर्यतीत हेल्मेट सक्तीचे असते आणि रात्री स्पर्धकामागे साहाय्यक वाहन चालावे लागते. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अपघाताचा भार इतरांवर पडू नये म्हणून त्याचा खर्च सहभागाच्या अटींतच घातलेला असतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणामांचे अंतर्गतीकरण म्हणतात.

आपल्या सार्वजनिक रस्त्यावर मात्र हे गणित अपुरे आहे. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्यू पावल्या. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 मधील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलस्वारांसाठी आहे, सायकलस्वारांसाठी नाही. केंद्र शासनाने 2020 मध्ये सायकलींच्या परावर्तकांबाबत गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल होय.

रेललेल्या सायकलची सर्वांत जवळची भारतीय नातलग माझ्या मते शर्यतीत नव्हे, तर कल्याणकारी योजनेत सापडते. दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरविणाऱ्या, 1981 पासूनच्या केंद्रीय योजनेतून हाताने चालविण्याच्या ट्रायसिकली दिल्या जातात. (गंमत अशी की, 1934 मध्ये रेलून बसण्यास नकार देणारी तीच संघटना आज दिव्यांगांच्या हस्तचलित सायकल शर्यतींत बहुतेक गटांना रेलूनच धावू देते.) ट्रकचालकाच्या उंच आसनावरून अशी ट्रायसिकल सहज दिसत नाही. झेंड्याची काठी, मागचा परावर्तक आणि वाटपाच्या वेळी ब्रेकची तपासणी यांचा खर्च ट्रायसिकलच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. तो लाभार्थ्यावर न टाकता योजनेच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.